नानखटाईवर रंगीत हलवा

रंगीबेरंगी गोळ्या जडवलेली बिस्किटे दुकानांतून सर्रास मिळतात, आणि बालगोपाळांचा हट्ट वाचकांस ठाऊक आहेच. मात्र हा जिन्नस घरी करावयाचा तर परक्या पाकपुस्तकांत डोकावण्याचे कारण नाही. नानखटाई मूळची सुरतेची. आणि सुरत तापीच्या मुखाशी, तर आपले बुऱ्हाणपूर त्याच तापीच्या काठी!

बाजारच्या लोण्यात शेकडा सुमारे १६ भाग पाणी असते, त्यात गोळ्यांवरील रंग विरघळून ओघळतो. साजूक तुपात पाणी जवळजवळ नसतेच, म्हणून नानखटाईवर रंग शाबूत राहतो. एक वाटी घट्ट तूप व एक वाटी पिठीसाखर पांढरी होईतो फेसावी, त्यात मावेल तसा दोन वाट्या मैदा मळावा. पूर्वी असे डबे भरून भट्टीवर नेत. ती चाल आता मोडत चालली आहे. भट्टी नसली तरी जाड कढईत मिठाचा थर तापवून, वर ताटली ठेवून, झाकण घालून मंद आचेवर नानखटाई भाजता येते. बूड बदामी झाले की उतरावी. गरम असता ती मऊच लागते, निवल्यावर खुसखुशीत होते.

गोळ्या त्या मऊपणातच हलके दाबाव्यात. आधी लावल्यास चॉकलेटच्या गोळ्या आतून वितळून तडकतात. माझ्या मते त्यांहून संक्रांतीचा उरलेला रंगीत हलवाच सरस. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या कित्येक नातवंडांनी तो छायाचित्रातच पाहिलेला असतो. अगदी लहानांसाठी मात्र काटे बारीक असलेले दाणे निवडावेत.