बोंडअळीच्या पतंगाचं नाव कुणी ठेवलं?



आजचा विषय आहे पतंगांचा. आकाशात उडवतो तो पतंग नव्हे, तर रात्री दिव्याभोवती घिरट्या घालतो तो. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून पतंग, असा त्याचा जन्माचा फेरा. म्हणजे शेतात पानं, शेंगा, बोंडं खाणाऱ्या कितीतरी अळ्या ही पतंगांचीच लेकरं असतात. रेशमाचा किडासुद्धा पतंगाचंच लेकरू. जगात फुलपाखरांच्या साधारण १८ हजार जाती आहेत, तर पतंगांच्या नोंदलेल्या जाती सुमारे १ लाख ६० हजार. शिवाय दरवर्षी नव्या जातींची भर पडते आहेच.

पण नवी जात सापडली म्हणजे नेमकं काय होतं? तिचं नाव कोण ठेवतं? आणि त्या नावाचं आपल्याला काय? हे समजून घेण्यासाठी आपल्या चांगल्याच ओळखीची एक कीड घेऊ या, ती म्हणजे गुलाबी बोंडअळी. कापूस वेचणाऱ्या प्रत्येक बाईने ती पाहिली आहे. वरून बोंड धड दिसतं, उकललं की आत कवडी निघते, सरकी पोखरलेली असते आणि आत गुलाबी अळी वळवळत असते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. शास्त्रज्ञ जेव्हा "नवी जात" म्हणतात, तेव्हा ती आजवर कुणी पाहिलीच नव्हती असा अर्थ नसतो. गावातल्या लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेली असू शकते. फक्त शास्त्राच्या वहीत तिची नोंद नसते. आपल्या बचत गटाचंच पाहा ना. गट स्थापन होण्याआधीही बाया डाळीच्या डब्यात पैसे साठवतच होत्या. पण रजिस्टर झालं, ठराव झाला, सह्या झाल्या, तेव्हा बँकेने ओळख दिली. पतंगाचंही तसंच असतं.

गुलाबी बोंडअळीची नोंद झाली त्याला आता १८० वर्षं होऊन गेली. तेव्हा आपल्याकडे कंपनी सरकारचं राज्य होतं. गुजरातेत भडोचला सरकारी कापसाचा मळा होता. १८४२ मध्ये तिथल्या कापसाचं एका अळीने फार नुकसान केलं. मळ्याच्या अधीक्षकाने तो किडा विलायतेला पाठवला. लंडनमध्ये विल्यम विल्सन सॉन्डर्स नावाचे गृहस्थ होते. पोटापाण्याचा व्यवसाय विम्याचा, पण छंद किड्यांचा. त्यांनी तो पतंग तपासला, आधी माहीत असलेल्या पतंगांशी ताडून पाहिला आणि १८४३-४४ च्या सुमारास त्याचं वर्णन छापून नाव दिलं: डिप्रेसारिया गॉसिपिएला. गॉसिपियम म्हणजे कापूस. त्यावरून गॉसिपिएला, म्हणजे कापसावरची.

आता वर्णन म्हणजे काय, ते पाहू. "तपकिरी रंगाचा लहान पतंग" एवढं लिहून भागत नाही, कारण तसे पतंग हजारो आहेत. पंख पसरल्यावर किती लांबी, पुढच्या पंखावर डाग कुठे, मागच्या पंखाच्या कडेला झालर कशी, मिशा कशा, हे सगळं बारकाईने लिहावं लागतं. आपला हा पतंग राखट तपकिरी, पंख पसरले तर जेमतेम दीड ते दोन सेंटीमीटर. शिवाय तो कुठे सापडला, कोणत्या तारखेला, कशावर जगत होता, हेही नोंदवतात. मग सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न येतो: जवळच्या ज्या जाती आधीच माहीत आहेत, त्यांच्यापेक्षा हा वेगळा कशात? याचं उत्तर देता आलं नाही तर नवी जात मानत नाहीत.

ज्या पतंगावरून वर्णन केलं, तो टाचणीला लावून, चिठ्ठीसकट संग्रहालयात जपून ठेवण्याची पद्धत आहे. त्याला नमुना-प्रत म्हणू या. पुढे कुणाला शंका आली तर त्या नमुन्याशी पडताळून पाहता येतं. बाजारातल्या वजनाचा वाद झाला की शिक्का मारलेल्या प्रमाण वजनाशी ताडून पाहतात ना, तसंच. चिठ्ठीवर गाव आणि तारीख नसेल तर तो नमुना कितीही सुंदर असला तरी अर्धा निकामी ठरतो.

आता नावाकडे वळू. शास्त्रातलं नाव दोन शब्दांचं असतं. ही पद्धत प्राण्यांसाठी १७५८ पासून धरतात, त्या वर्षी स्वीडनच्या लिनियस यांचा ग्रंथ आला. रेशमाच्या पतंगाचं नावही त्याच ग्रंथातलं आहे. दोन शब्दांतला पहिला म्हणजे आडनाव, दुसरा म्हणजे स्वतःचं नाव. शाळेच्या हजेरीपटासारखं आडनाव आधी. जवळच्या नात्यातल्या जातींचं आडनाव एकच. अशी अनेक आडनावं मिळून एक मोठं कूळ होतं. यालाच वर्गीकरण म्हणतात.

सॉन्डर्स यांनी दिलेलं आडनाव पुढे टिकलं नाही. नंतरच्या लोकांनी पतंग पुन्हा तपासला, तेव्हा त्याचं नातं दुसरीकडे जुळतं असं दिसलं. शेवटी १९१७ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले ऑगस्ट बस्क यांनी त्याच्यासाठी नवंच आडनाव केलं: पेक्टिनोफोरा. अर्थ आहे फणी बाळगणारा. या पतंगाच्या मिशांच्या बुडाशी ताठ केसांची अगदी बारीक फणी असते, भिंगाखालीच दिसते. तेव्हापासून पूर्ण नाव झालं पेक्टिनोफोरा गॉसिपिएला.

मैत्रिणींनो, इथे एक गंमत आहे. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, पण तिचं स्वतःचं नाव सहसा तेच राहतं. शास्त्राचा नियमही तसाच. आडनाव बदललं तरी पहिल्यांदा ठेवलेलं गॉसिपिएला तसंच राहिलं. आणि नावापुढे सॉन्डर्स हे नाव कंसात लिहितात. कंस दिसला की समजायचं, नाव यांनी ठेवलं, पण आडनाव पुढे बदललं. म्हणजे माहेरची नोंद पुसत नाहीत! एकाच जातीला दोघांनी दोन नावं दिली असतील तर साधारणपणे जे आधी छापलं तेच धरतात.

आता तुम्ही म्हणाल, नाव काहीही असो, अळी ती अळीच. पण तसं नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागात कापसावर अशीच गुलाबी अळी होती. लोक तिला आपलीच गुलाबी बोंडअळी समजत. १९२६ मध्ये होल्डवे नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने पतंग नीट तपासले आणि दाखवून दिलं की ही जात वेगळीच आहे. तिला नाव मिळालं स्कुटिजेरा. ही आपल्या अळीची सख्खी बहीण म्हणा, आडनाव एकच. बाहेरून अळ्या जवळपास सारख्या. मग फरक कळतो कुठे? पतंगांच्या बाबतीत बहुतेक वेळा तो नर-मादीच्या जननअवयवांत कळतो. दिसायला जुळे असले तरी दोन जातींचे हे अवयव कुलूप-किल्लीसारखे वेगवेगळ्या घडणीचे असतात. म्हणून नवा पतंग तपासताना पोटाचा शेवटचा भाग सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आता त्याच्या जोडीला डीएनए तपासणीही करतात.

आपल्याकडेही अशीच गल्लत होते. आपण सरसकट "बोंडअळी" म्हणतो, पण कापसावर तीन वेगळ्या बोंडअळ्या येतात, आणि त्यांची कुळंही तीन वेगळी आहेत. ठिपक्यांची बोंडअळी पीक लहान असताना शेंड्यात शिरते, शेंडा सुकतो. अमेरिकन किंवा हिरवी बोंडअळी अर्धं अंग बोंडाबाहेर ठेवून खाते, तिचं भोक मोठं आणि गोल, भोवती विष्ठा पडलेली. गुलाबी बोंडअळी मात्र लहानपणीच आत शिरते आणि तिचं भोक बुजून जातं. म्हणून बोंड वरून धड दिसतं. फुलात शिरली असेल तर पाकळ्या नीट उघडत नाहीत, फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्यालाच आपण डोमकळी म्हणतो. आणि रंगावर फार भरवसा ठेवू नका, कारण अंड्यातून निघालेली गुलाबी बोंडअळी पांढरट असते, गुलाबी ती मोठेपणी होते.

हा फरक पैशाचा आणि जिवाचाही आहे. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्याने अमेरिकन बोंडअळी बरीच आटोक्यात आली. गुलाबी बोंडअळीला मात्र ते विष पुढे पचू लागलं, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिने कापूस पोखरून काढला. "बीटी लावलंय, बोंडअळी येणारच नाही" असं म्हणताना कोणती बोंडअळी, हे विचारायचं राहून गेलं होतं. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अळी बोंडात शिरून बसल्यावर वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत फारसं पोचत नाही. मग माणसाने ते विष अंगावर का घ्यायचं?

शेतात लावतो त्या कामगंध सापळ्याचंही तसंच. मादी पतंग नराला बोलावण्यासाठी एक गंध सोडते. प्रत्येक जातीचा गंध निराळा. गुलाबी बोंडअळीचा गंध १९७३ मध्ये ओळखला गेला आणि त्याला गॉसिप्लूर म्हणू लागले. पाहा, सॉन्डर्स यांनी दिलेल्या नावाची खूण त्यातही आली. या ल्यूरवर गुलाबी बोंडअळीचेच नर येतात, अमेरिकन बोंडअळीचे येत नाहीत. दुकानातून चुकीचं ल्यूर आणलं तर सापळा रिकामा राहतो आणि आपण समजतो, कीड नाही. म्हणून ल्यूर घेताना अळीचं नाव सांगून घ्या. सापळ्यात सलग तीन रात्री सरासरी आठ किंवा जास्त पतंग आले, तर उपाय करायची वेळ आली असं समजतात. अमेरिकेत वंध्य केलेले पतंग सोडणं, कामगंध, बीटी कापूस आणि वेळेवर पऱ्हाट्या नष्ट करणं हे सगळं एकत्र राबवलं आणि २०१८ मध्ये त्यांच्या कापूस पट्ट्यातून ही कीड संपल्याचं जाहीर झालं. वंध्य पतंग सोडायचे तर ते नेमके त्याच जातीचे लागतात. सगळ्याची सुरुवात ओळखीपासून होते.

हे काम फक्त शिकलेल्यांचं आहे, असं मात्र समजू नका. मध्य अमेरिकेत कोस्टा रिका नावाचा छोटा देश आहे. तिथल्या ग्वानाकास्ते जंगलात १९७८ पासून डॅनियल जॅन्झेन आणि विनी हॉलवॉक्स हे शास्त्रज्ञ जोडपं रानातल्या अळ्या गोळा करून पाळायचं काम करत आलं आहे. त्यात आसपासच्या गावांतल्या लोकांना प्रशिक्षण देऊन सामील केलं. अळी कोणत्या झाडावर सापडली, तिचा रंग कसा, कोष कधी झाला, त्यातून काय निघालं, हे ते रोज लिहीत. १७७५ पासून एकच जात समजलं जाणारं एक फुलपाखरू तिथे होतं. पण या नोंदींत दिसलं की त्याच्या अळ्या वेगवेगळ्या रंगांच्या आणि वेगवेगळ्या झाडांवरच्या आहेत. डीएनए तपासला, आणि २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं की ती एक नसून दहा जाती आहेत. अळ्या पाळणाऱ्यांच्या वह्या नसत्या, तर कुणाचा डीएनए कुणाशी ताडायचा हेही नीट कळलं नसतं.

आपल्या गटालाही हे जमण्यासारखं आहे. अनोळखी अळी दिसली तर ज्या झाडावर होती त्याच्याच पाल्यासकट तिला बरणीत ठेवा. तोंडाला पातळ फडकं बांधा, पाला रोज बदला. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. वहीत पाच गोष्टी लिहा: तारीख, गाव व शेत, पीक, पिकाचा कोणता भाग खात होती, आणि पुढे कोष व पतंग कधी झाला. बरणी आणि वही कृषी सहायकांना किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. आणि नाव कळल्याशिवाय दुकानदाराने दिलेली बाटली फवारू नका.

कापसाचं सांगायचं तर फरदड घेऊ नका. वेचणी संपली की पऱ्हाट्या शेतात किंवा बांधावर रचून ठेवू नका, कारण त्यातल्या किडक्या बोंडांत हीच अळी झोप काढून पुढच्या हंगामाची वाट पाहते. चुलीसाठी पऱ्हाट्या लागतात हे मला माहीत आहे. तेव्हा निदान त्यावरची बोंडं तोडून जाळून टाका.

पुढच्या मासिक बैठकीत हप्ता आणि कर्जाचं कामकाज आटोपलं की प्रत्येकीने आपल्या शेतातली दोन किडकी बोंडं आणावीत. सगळ्या मिळून उकलून पाहू आणि कोणती बोंडअळी, ते ओळखून रजिस्टरमध्ये लिहू. भडोचच्या मळ्यातून गेलेल्या एका किड्याची नोंद १८० वर्षांनंतरही कामाला येते आहे. आपल्या वहीतली नोंदही कुणाच्या तरी उपयोगी पडेल, निदान आपल्याच शेताच्या तर नक्कीच.