न दुखणारा दृष्टिरोग
रक्तातील शर्करा वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, की दृष्टिपटलास रक्त पुरविणाऱ्या केशवाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होऊन त्यांवर, वैद्याच्या भिंगातून टाचणीच्या टोकाएवढे दिसणारे, तांबडे फुगवटे येतात, आणि त्यांतून द्रव पाझरू लागला तरी प्रारंभी रोग्यास ना वेदना होते, ना अक्षर अंधुक दिसते. या व्याधीचा खरा दगा तो हाच. सबब तक्रारीची वाट न पाहता, प्रौढ वयातील मधुमेहाचे निदान होताच आणि पुढे दरसाल, बाहुली विस्फारणारे थेंब घालून दृष्टिपटल तपासून घ्यावे. त्यानंतर काही तास ऊन सोसवत नाही, तेव्हा सोबतीस कोणी न्यावे. जर्मन नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्विकेराथ यांनी प्रथम सूर्यप्रकाशाने आणि पुढे झेनॉनच्या दिव्याने दृष्टिपटल डागण्याची जी वाट पाडली, तिच्यातूनच आजचा लेसर-उपचार आला. रोग बळावून नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या उगवलेल्या डोळ्यांत त्याने तीव्र दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीने दाखविले. दृष्टिपटलाच्या मध्यावरील पीतबिंदूस सूज आल्यास, डोळा बधिर करून, त्यात औषधाची सुई देतात. ती बहुधा अनेकवार घ्यावी लागते.