संकल्पभूमी आणि भाड्याची खोली

दरवर्षी २३ सप्टेंबरला बडोद्याच्या सयाजीबागेत निळे झेंडे दिसू लागतात. जुने बडोदेकर या बागेला अजून कमाटीबागच म्हणतात. गुजरातच्या गावांतून आणि महाराष्ट्रातूनही माणसे येतात, वडाखाली वंदन करतात, समतेच्या घोषणा देतात. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच बागेत बसले होते आणि अस्पृश्यता निवारणाचा संकल्प त्यांनी इथेच केला, अशी लोकांची श्रद्धा. म्हणून ही संकल्पभूमी.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मपर इंग्रजी लेखनात हा प्रसंग आहे. त्यांच्या निधनानंतर, १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपाने आले. वर्गात मी ते वाचून दाखवले, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, यात संकल्प कुठे आहे?” प्रश्न रास्त होता. त्या मजकुरात संकल्पाचा उल्लेखच नाही. आहे तो एका बेघर दिवसाचा बारीक हिशोब. संकल्प हा शब्द लोकांनी नंतर त्या दुःखावर ठेवला, आणि तो ठेवण्याचा त्यांचा अधिकार मला मान्य आहे. पण साहित्याच्या विद्यार्थ्याने आधी तो हिशोब वाचावा.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेला हा तरुण करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आला. हॉटेले त्याला घेणार नव्हती. एका पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने दिवसाला दीड रुपया घेऊन, वहीत पारशी नाव लिहायला लावून वरच्या मजल्यावर जागा दिली. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज लोंबकळत पडला होता. मग तो एका हिंदू मित्राकडे गेला. मित्र सज्जन, झाल्या प्रकाराने संतापलाही. पण तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर जातील, एवढे त्याने सुचवले. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. पत्नी उद्या येते आहे, तिला विचारतो, म्हणाला. ते कुटुंब मूळचे ब्राह्मण, हे बाबासाहेबांना नंतर कळले. शेवटी मुंबईची रात्री नऊची गाडी, आणि ती येईपर्यंतचे तास या बागेत.

आपले शहर विविधता साजरी करते तेव्हा मला हा क्रम आठवतो. पारशी, हिंदू, ख्रिस्ती: बडोद्याची सगळी विविधता त्या एका दिवसात त्याला भेटली आणि एका मुद्द्यावर तिचे एकमत निघाले. विविधता म्हणजे अनेकांनी शेजारी शेजारी राहणे. समान नागरी हक्क म्हणजे त्यातल्या कुणालाही कुठल्याही दारावर त्याच अटींवर जाता येणे. पहिली गोष्ट दुसरीवाचून शतकानुशतके सुखाने नांदू शकते. आपल्या पेठा आणि पोळी त्याची साक्ष आहेत. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू केले, शिष्यवृत्ती दिली, पद दिले. पण राजाचा हुकूम कचेरीच्या दारापर्यंतच चालला.

पुढे घटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, रस्ते सर्वांना खुले केले. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९७६ च्या दुरुस्तीने ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ झाला. भाषेच्या अभ्यासकाने हे नामांतर पाहावे. जुने नाव गुन्ह्याचे होते, नवे हक्काचे आहे. या कायद्यात कोणत्याही वस्तीत घर घेण्याचा, त्यात राहण्याचा हक्कही येतो. मात्र नकार अस्पृश्यतेमुळे आहे, असे घरमालक कधी बोलत नाही. तो आडनाव विचारतो, जेवणाचे विचारतो, मग त्याच्याकडे पाहुणे येणार असतात. गृहनिर्माण संस्थांची गोष्ट आणखी वेगळी. अहमदाबादच्या एका पारशी संस्थेने सदस्यत्व फक्त पारशांपुरते ठेवले, ते सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली ग्राह्य धरले. कारण मूलभूत हक्कांचे बंधन मुख्यतः शासनावर असते, खासगी सहकारी संस्थेवर नव्हे. अल्पसंख्य समाजाला आपली वसाहत टिकवावीशी वाटते, हे मी समजू शकते. तरी हा निकाल वाचताना मला ती दीड रुपया रोजाची धर्मशाळा आठवल्यावाचून राहत नाही.

हे सारे मी दूरून बोलते आहे असे वाटायला नको. आमच्या घरचा वरचा मजला भाड्याने असे. माझे पीएच.डी.चे काम चालू असताना विद्यापीठातला एक मुलगा खोली बघायला आला. नागपूरकडचा होता, शुद्ध मराठी बोलत होता. आई खूश झाली, चहा टाकला. मग तिने आडनाव विचारले. कप रिकामा होण्याआधीच वरच्या मजल्याची डागडुजी निघाली. मी आतल्या खोलीत दलित आत्मकथनांवरचे प्रकरण लिहीत होते. सगळे ऐकू येत होते. मी बाहेर आले नाही.