कोचीनची वनस्पतिसभा

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोचीनमध्ये वनस्पतींवर चर्चा करण्यासाठी जाणकारांच्या बैठका भरत. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारातील प्रमुख हेन्ड्रिक व्हान ऱ्हेडे याने त्या बोलावल्या होत्या आणि कोचीनच्या राजाचेही त्यांना साहाय्य होते. त्यांतूनच ‘हॉर्टस मलाबारिकस’ हा लॅटिन ग्रंथ उभा राहिला. 1678 ते 1693 या काळात त्याचे 12 खंड ॲम्स्टरडॅमला छापले गेले आणि त्यांत सुमारे साडेसातशे वनस्पतींची वर्णने आली.

या बैठकांत दोन परंपरा समोरासमोर आल्या. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तिघे कोंकणी ब्राह्मण वैद्य होते. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातून अनेक सारस्वत कुटुंबे कोचीनकडे गेली, त्याच समाजातले हे वैद्य. त्यांचा आधार निघंटु, म्हणजे वनस्पतींची नावे व गुणधर्म सांगणारा पद्यमय ग्रंथ. पाठांतरासाठीच रचलेला असल्याने त्यातले श्लोक त्यांच्या जिभेवर असत. चेरथळाजवळच्या कडक्करपळ्ळीचा इट्टी अच्युदन हा एळवा समाजातला वैद्य. घराण्यात चालत आलेली पोथी आणि रोगी तपासून आलेला अनुभव त्याच्यापाशी होता. उच्चवर्णीय पंडित आणि तथाकथित खालच्या जातीचा वैद्य यांचे ज्ञान एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नोंदले गेले, ही त्या काळाच्या मानाने फार मोठी गोष्ट होती.

कामाची रीत साधी, पण काटेकोर होती. निघंटूतली नावे देऊन माणसे रानात धाडली जात. फुले, फळे आणि बिया धरण्याचे हंगाम झाडागणिक वेगळे, त्यामुळे तेवढी वाट पाहावी लागे. ताजा नमुना आला की चित्रकार तो हुबेहूब काढत. मग त्याचे नाव, गुण, औषधी उपयोग यांवर चर्चा होई. पोथीतले नाव नेमके कोणत्या झाडाचे, हा घोळ अशा पडताळणीनेच सुटतो. नुसत्या वाचनाने तो सुटत नाही आणि एकट्या वैद्याच्या सवयीवरही सोडता येत नाही. अच्युदनने मलयाळममध्ये सांगितलेला मजकूर दुभाषी इमॅन्युएल कार्नेरो पोर्तुगीजमध्ये उतरवी, पुढे त्याचे लॅटिन होई.

रानात हिंडून झाडे ओळखून आणणाऱ्यांची नावे मात्र ग्रंथात नाहीत. त्यांच्या नजरेवाचून हे काम एक पाऊलही पुढे गेले नसते, म्हणून ही उणीव खटकते.

वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींना शास्त्रीय नावे देताना या ग्रंथाचा आधार घेतला. भारतीय वाचकाला तो सुगम व्हायला मात्र तीनशेहून अधिक वर्षे लागली. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचून केलेला इंग्रजी अनुवाद केरळ विद्यापीठाने 2003 मध्ये आणि मलयाळम अनुवाद 2008 मध्ये प्रसिद्ध केला.

या ग्रंथाच्या पहिल्या खंडात तिन्ही ब्राह्मण वैद्यांचे 1675 सालचे कोंकणी प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलेले आहे. नागरीत छापलेल्या सर्वांत जुन्या कोंकणी मजकुरांपैकी हा एक आहे. गोवा-महाराष्ट्रातील वनस्पतिप्रेमींनी ते पान एकदा तरी पाहावे.