हेल्मेट टोप्यांच्या घरात, पॅड खेळांच्या घरात!

परवा आमच्या शाळेत क्रिकेटचे नवे सामान आले. मधल्या सुट्टीत चौथीच्या मुलांनी खोक्यांभोवती कोंडाळे केले. कुणी पॅड बांधून बघतोय, कुणी हेल्मेट घालून भिंतीवर डोके आपटून बघतोय! तेवढ्यात एक मुलगी खोक्यावरचे लेबल घेऊन माझ्याकडे आली.

"बाई, हा कुणाचा फोन नंबर आहे? हेल्मेटच्या खोक्यावर ६५०६ आहे आणि पॅडच्या खोक्यावर ९५०६. सामान तर एकाच खेळाचं. मग नंबर वेगळे का?"

प्रश्न ऐकून मीही क्षणभर गप्प झाले. फोन नंबर नव्हे, हे ठाऊक होते. पण 'वेगळे का' याचे उत्तर शोधायला दोन दिवस लागले. जे सापडले ते इतके गमतीचे आहे, की तुम्हालाही सांगावेसे वाटते.

बालमित्रांनो, आपल्या रायगड जिल्ह्यात न्हावा शेवा नावाचे मोठे बंदर आहे. तिथे जहाजांतून रोज हजारो वस्तू उतरतात. परदेशातून आलेल्या मालावर सरकार जो कर घेते, त्याला म्हणतात सीमाशुल्क. आपण बोलताना 'कस्टम' म्हणतो. आता सगळ्या वस्तूंना सारखा कर नसतो. म्हणून आधी ठरवावे लागते, की ही वस्तू आहे तरी काय? आणि ते प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठरवले तर? चेन्नईत उतरलेल्या हेल्मेटला एक कर आणि न्हावा शेव्यात उतरलेल्या तशाच हेल्मेटला दुसरा! हा अन्यायच नाही का?

म्हणून जगभरच्या देशांनी मिळून वस्तूंची एक मोठी यादी केली. ती १ जानेवारी १९८८ पासून वापरात आली. बेल्जियमची राजधानी ब्रसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटना ती सांभाळते आणि साधारण दर पाच वर्षांनी तिच्यात सुधारणा करते. आज २०० हून अधिक देश आणि प्रदेश ही यादी वापरतात. तिच्यात ९७ प्रकरणे आहेत. त्यातले ७७ वे मात्र कोरे आहे. पुढेमागे लागले तर असावे म्हणून राखून ठेवलेले!

तुमच्या पत्त्यातला पिन कोड आठवा. पहिला आकडा मोठा विभाग सांगतो आणि पुढचे आकडे आपल्याला टपाल कार्यालयापर्यंत नेतात. इथेही तसेच. ६५०६ मधले पहिले दोन आकडे, म्हणजे ६५, हे प्रकरण : टोप्या आणि डोक्यावर घालायच्या वस्तू. पुढचे दोन, ०६, म्हणजे त्या प्रकरणातले सहावे शीर्षक. त्यापुढे १० जोडले की झाले 'सुरक्षेसाठीचे शिरस्त्राण'. हे पहिले सहा आकडे सगळ्या जगात सारखे. भारत त्यापुढे आपले आणखी दोन जोडतो. असे झाले आठ आकडे.

आता आमच्या वर्गातला प्रश्न. क्रिकेटचे हेल्मेट खेळाच्या घरात का नाही? कारण यादी आधी विचारते, 'तू आहेस कोण?' हेल्मेट म्हणते, 'मी डोक्यावर बसतो.' मग ते फलंदाजाचे असो, मोटारसायकलवाल्याचे असो की खाणकामगाराचे, सगळी एकाच घरात! खेळांचे घर म्हणजे ९५ वे प्रकरण. त्याच्या दारावरच पाटी आहे : खेळाची टोपी ६५ व्या प्रकरणात जा, खेळाचे बूट ६४ व्यात जा, खेळाची बॅग ४२ व्यात जा. हातमोजे तर ज्या मालाचे बनले असतील त्या घरी जातात. चामड्याचे असतील तर चामड्याकडे, कापडाचे असतील तर कापडाकडे.

मग पॅड कुठे जाणार? क्रिकेटचे पॅड, फुटबॉलचे शिनगार्ड, कोपराचे आणि गुडघ्याचे पॅड यांना दुसरे घर नाही. ती खेळासाठीच जन्मली आहेत. म्हणून ती ९५०६ मध्ये बॅट, बॉल आणि रॅकेट यांच्या शेजारी बसतात. आणखी एक गंमत म्हणजे तलवारबाजीचा जाळीचा मुखवटाही ९५०६ मध्येच असतो, पण त्याच खेळाडूचे जाकीट मात्र कपड्यांत!

कबड्डी खेळणाऱ्यांनी नीट ऐका. गुडघ्यावर चढवायच्या दोन वस्तू बाजारात मिळतात. एकीत जाड गादी असते. पडलात तर ती मार झेलते. दुसरी नुसती ताणून बसणारी, कापडी. ती गुडघ्याला घट्ट धरून आधार देते. दुकानदार दोन्हींना 'नी-कॅप' म्हणतो. पण पहिली खेळाच्या सामानात आणि दुसरी कापडाच्या विभागात! दिसायला बहिणी, पण आडनावे वेगळी.

हे सगळे सोपे वाटले ना? आता खरी अडचण. अंगात घालायचा कपडाही आहे आणि आत पॅडही आहेत, तर काय म्हणायचे?

अमेरिकेत यावरून मोठे खटले झाले. आइस हॉकीत खेळाडू एक फुगीर पँट घालतात. तिच्यात कडक प्लॅस्टिकची कवचे आणि फोमच्या गाद्या असतात. कस्टमने म्हटले, 'हा कपडा, भरा कर.' आणणारी कंपनी होती बॉवर नाइकी हॉकी. ती म्हणाली, 'हे खेळाचे साहित्य, यावर कर नाही.' भांडण अपील न्यायालयापर्यंत गेले. २००४ मध्ये निकाल लागला, की ही पँट खेळाचे साहित्यच आहे. कंपनी जिंकली.

मग दुसऱ्या कंपन्यांनाही वाटले, आपणही जिंकू! पण तसे झाले नाही. २०११ मध्ये मोटारसायकल शर्यतीच्या जर्सी, पँट आणि जाकिटे यांना त्याच न्यायालयाने कपडे ठरवले, जरी काहींना थोडेफार पॅड होते. २०१४ मध्ये रिडेल कंपनीच्या अमेरिकन फुटबॉलच्या जर्सी आणि पँटही कपडेच ठरल्या. कारण त्या आल्या तेव्हा त्यांच्यात पॅडच नव्हते.

मी हे मुलांना सांगितले, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा पटकन म्हणाला, "म्हणजे बाई, कपड्याला पॅड लावलेत, की पॅडांना कपडा गुंडाळलाय, ते बघायचं!" किती नेमके बोलला! आता यादीच्या टिपेतही असेच आहे. गोलरक्षकाच्या जर्सीसारख्या कपड्याला कोपराशी जाता जाता थोडी गादी लावली, तरी तो कपडाच राहतो.

यात एक मोह आहे बरं का. कर कमी लागावा म्हणून मुद्दाम चुकीचे नाव सांगायचा मोह. पण ते पकडले गेले तर माल जप्त होऊ शकतो, दंडही होतो. खरोखरच शंका असेल तर सरळ मार्ग आहे. माल आणण्याआधीच मुंबई किंवा दिल्लीच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाला विचारता येते. परीक्षेत प्रश्न कळला नाही तर शेजारच्याच्या पेपरात डोकवायचे नसते, बाईंना विचारायचे असते. तसेच हे!

पालकांसाठी एक गोष्ट. परदेशातल्या काका-मामांनी टपालाने किंवा विमानाने घरच्या वापरासाठी पार्सल पाठवले, तर भारतात त्याच्यासाठी ९८०४ हे वेगळेच शीर्षक आहे. व्यापाऱ्याच्या मालासारखी त्याची वस्तूगणिक वाटणी होत नाही.

त्या दिवशी मुलांनी सगळे किट जमिनीवर मांडले आणि खडूने घरे आखून एकेक वस्तू आपापल्या घरात ठेवली. हातमोज्यांवरून पंधरा मिनिटे भांडण चालले. शेवटी एकाने मोजा उलटा करून आतले कापड दाखवले, दुसऱ्याने तळव्याचे चामडे दाखवले. मला फार बरे वाटले. वस्तूला नाव देण्याआधी ती हातात घेऊन नीट बघायची असते, हे त्यांचे त्यांनाच कळले होते.

ओळखा पाहू! यांपैकी कोण खेळांच्या घरात (९५) राहते?
१) फुटबॉल २) पंचांची शिटी ३) चाके जोडलेले स्केटिंगचे बूट ४) धावण्याचे बूट ५) पोहण्याचा गॉगल

उत्तरे (आधी वाचू नका!) : फुटबॉल आणि चाकांचे बूट हे दोघेच. शिटी वाद्यांच्या प्रकरणात (९२), धावण्याचे बूट पादत्राणांत (६४) आणि गॉगल चष्म्यांबरोबर (९०).