तिकीट एकाचें, विमान दुसऱ्याचें

लेकीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठीं आई, मावशी, काकू हल्लीं एकट्याच सातासमुद्रांपलीकडे जाऊं लागल्या आहेत. त्यांचें तिकीट काढण्याचें काम मात्र घरांतील एखादा पुतण्या केवळ दर पाहून दोन मिनिटांत उरकून टाकतो. या घाईची प्रचीति गतवर्षीं आमच्याच घरीं आली.

आमच्या थोरल्या वहिनी, वय ६८, गुडघे अधू, लेकीकडे फ्रँकफुर्टला निघाल्या. तिकीट एका कंपनीचें; उड्डाणाचा क्रमांकही तिचाच. खालीं बारीक अक्षरांत मात्र विमान दुसरीच कंपनी चालविणार असल्याचें लिहिलें होतें. तें कोणींच वाचलें नाहीं. चाकांच्या खुर्चीची व शाकाहारी जेवणाची विनंती पहिल्या कंपनीकडे नोंदविली होती. ती दुसरीकडे पोंचलीच नव्हती. विमानतळावर पाऊण तास रांगेंत उभें राहिल्यावर 'हें विमान आमचें नव्हे' एवढेंच उत्तर मिळालें. आमच्या धाकट्या बंधूंनीं धांवपळ करून खुर्ची मिळविली. जेवण मिळालें नाहीं तें नाहींच. वहिनींनीं बरोबर घेतलेल्या दशम्यांवर रात्र काढली.

यांत लबाडी कोणाचीच नव्हती. एका कंपनीच्या विमानांतील जागा दुसरीनें आपल्या नांवानें व क्रमांकानें विकावयाच्या, या पद्धतीस 'कोडशेअर' म्हणतात. १९९७ सालीं पांच कंपन्यांनीं मिळून 'स्टार अलायन्स' हा संघ काढला. एअर इंडिया त्यांत २०१४ सालीं आली. त्याच संघांतील लुफ्तान्सा व एअर इंडिया परस्परांच्या कित्येक उड्डाणांवर आपापले क्रमांक घालतात. याचा प्रवाशास लाभही आहे. दोन विमानांचा प्रवास एकाच तिकिटावर होतो, सामान बहुधा अखेरपर्यंत जातें आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळें दुसरें चुकल्यास पुढील सोय कंपनीसच करावी लागते. शिवाय एकाच विमानांतील त्याच जागेचे दर दोन्ही कंपन्या निरनिराळे लावूं शकतात. म्हणून दोन्हीकडे चौकशी करणें शहाणपणाचें.

परंतु स्वस्त तिकीट घेतल्यावर कांहीं गोष्टी ध्यानांत ठेविल्याच पाहिजेत. आरक्षणाचा सहा अक्षरांचा संकेत दोन्ही कंपन्यांकडे बहुधा वेगवेगळा असतो. विमान चालविणाऱ्या कंपनीचा संकेत मागून घ्यावा. जागा निवडणें, खुर्ची, जेवण यांची खात्री तिच्याकडेच, निदान ४८ तास आधीं, करून घ्यावी. विमानतळावर खिडकीही तिचीच गांठावी. उलट तारीख बदलणें किंवा पैसे परत मागणें यांसाठीं तिकीट देणाऱ्या कंपनीकडेच जावें लागतें. ती कोणती, हें तिकिटाच्या तेरा आंकडी क्रमांकावरून कळतें: आरंभीं ०९८ असल्यास एअर इंडिया, २२० असल्यास लुफ्तान्सा. सामानाचें वजन मात्र तिकिटावर छापलें असेल तेंच प्रमाण मानावें.

नुकसानीच्या बाबतींत १९९९ चा माँट्रियल करार प्रवाशाच्या बाजूचा आहे. भारतांत तो २००९ पासून लागू आहे. त्या उड्डाणापुरती तक्रार विकणाऱ्या किंवा नेणाऱ्या, कोणत्याही कंपनीकडे करतां येते. युरोपांतील २००४ चा नियम मात्र विमान कोण चालवितें हेंच पाहतो. मुंबईहून फ्रँकफुर्टला नेणारें विमान युरोपीय कंपनीचें असल्यास फार उशिराबद्दल त्या नियमाची भरपाई मागतां येते. भारतीय कंपनीचें असल्यास नाहीं, मग तिकिटावर नांव कोणाचेंही असो.

तरुणांनीं दर पाहून तिकीट खुशाल घ्यावें. पण वडील माणूस एकटें जाणार असेल, तर चार पैसे अधिक पडले तरी जिचें विमान तिच्याकडूनच तिकीट घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. मधल्या दोन कंपन्यांचा निरोप्या होण्याचें काम म्हाताऱ्या माणसाच्या वांट्यास येऊं नये.

वहिनींचें परतीचें तिकीट त्याच जातीचें होतें. या वेळीं पुतण्यानें दोन दिवस आधीं विमान चालविणाऱ्या कंपनीस तिचा संकेत सांगून फोन केला. खुर्ची दाराशीं उभी होती आणि जेवणही मिळालें. लेकीनें बांधून दिलेल्या दशम्या वहिनींनीं जशाच्या तशा घरीं आणल्या, आणि पहिली पुतण्याच्याच हातावर ठेविली!