ड्रायरचं झाकण रुसलं की…

मे महिन्यात वर्ध्याच्या बाईला ड्रायरची आठवणही येत नाही. नवतपात गच्चीवर साडी टाकली, की शेवटचा चिमटा लावेस्तोवर पहिलं टोक कडक झालेलं असतं. पण एकदा का झड लागली, की तीच साडी दोन दिवस दोरीवर लोंबकळते आणि तिसऱ्या दिवशी तिला कुबट वास येतो. शाळेचे गणवेश, सलवारी, चादरी, दुलईच्या खोळी, सगळ्या घराचा पसारा खुर्च्यांच्या पाठीवर. अशा वेळी सेमी ऑटोमॅटिक मशीनमधला तो छोटा टब म्हणजे घरातला सगळ्यात कामाचा माणूस. आणि नेमका तोच ऐन झडीत संप पुकारतो. बटण फिरवलं, टाइमर टिकटिक करतो, पण आत काही हलत नाही.

मैत्रिणींनो, अशा वेळी आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. घरातले म्हणतात, ‘मोटर जळली असंन.’ आणि शेजारची म्हणते, ‘आता नवीनच घेऊन टाका वहिनी.’ पण बरेचदा मोटर अगदी धडधाकट असते. रुसलेलं असतं ते झाकण.

ड्रायरचं झाकण म्हणजे डब्याचं झाकण नव्हे. त्याच्या बिजागरीपाशी, पॅनेलच्या आत, एक प्लॅस्टिकची दांडी असते. झाकण बसलं की ती दांडी दाबली जाते आणि एकदम दोन कामं होतात. एक, आतला छोटा स्विच जुळून मोटरला वीज मिळते. दोन, दांडीला बांधलेली तार ओढली जाते आणि खाली मोटरवरच्या ड्रमला चिकटलेला ब्रेक सुटतो. झाकण उचललं की उलटं घडतं. वीज तुटते, तार सैल पडते, स्प्रिंग ब्रेकला ड्रमवर दाबते आणि टब काही सेकंदांत थांबतो. स्कूटरच्या ब्रेकसारखंच हे, फक्त चाल उलटी. इथे तार ओढली की ब्रेक सुटतो.

एवढं डोक्यात बसलं की अर्धा बिघाड कानानेच ओळखता येतो.

आधी ही खात्री करा, की मशीनपर्यंत वीज येते आहे. टाइमरच्या टिकटिकीवर जाऊ नका. पुष्कळ मशीनचा टाइमर घड्याळासारखा चावीचा असतो, प्लग काढलेला असला तरी तो टिकटिकतो. त्यापेक्षा धुण्याची बाजू थोडी फिरवून बघा. ती फिरली तर वीज आहे, दुखणं ड्रायरमध्येच आहे.

आता झाकण लावून ड्रायर सुरू करा आणि ऐका. आवाजच नाही, अगदी चिडीचूप? मग स्विचकडे बोट दाखवायला हरकत नाही. झाकण बंद असतानाच बिजागरीच्या बाजूने त्याला हाताने जरा दाबा. दाबल्यावर टब फिरतो आणि सोडल्यावर थांबतो, तर बिजागरी झिजली आहे, झाकणाची ती छोटी जीभ तुटली आहे किंवा स्विचची पट्टी वाकली आहे. दाबूनही काही नाही, तर स्विचच्या टोकांवर काजळी धरली असेल किंवा आतली एखादी वायर तुटली असेल. आणि वायर म्हटलं की आपल्याकडे पहिला संशयित उंदीर. मशीनला खालून जाळी नसेल, तर पावसाळ्यात ओलाव्याला कंटाळलेल्या उंदरासाठी ती आयती खोली असते.

दुसरा प्रकार गुणगुणण्याचा. मोटर ‘हूंऽऽ’ करते, टब हलत नाही किंवा म्हाताऱ्या बैलासारखा रेंगाळत फिरतो. सोबत रबर जळल्याचा वास आला, तर लगेच बंद करा. ब्रेक सुटलेला नाही आणि मोटर त्याच्याशी झटापट करते आहे. तार तुटली असेल, ढिली पडली असेल किंवा दांडीवरून निसटली असेल. अशी मशीन ‘होईल आपोआप’ म्हणून चालवत राहिलात, तर मग मात्र मोटर खरंच जळते. तार आणि स्विच शेकड्यांत येतात, मोटर हजारांत. फरक आहे!

तिसरा प्रकार कोणाच्या फारसा लक्षात येत नाही, कारण त्यात मशीन बंद पडत नाही. झाकण उघडलं तरी टब आपला गरगरतोच आहे. त्याकडे पुढे येते.

ब्रेकची तपासणी दोघींनी मिळून करायची. मशीनचा प्लग भिंतीतून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग हातात आला पाहिजे. पायात कोरडी रबरी चप्पल, जमीन कोरडी. मशीन भिंतीपासून ओढून मागचं पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं कव्हर स्क्रू काढून बाजूला करा. आता एकीने वरून झाकण उघडझाप करावं आणि दुसरीने मागून बघावं. हात मात्र आत घालायचा नाही. झाकण बंद होताना ब्रेकची दांडी ड्रमपासून दूर सरकली पाहिजे आणि उघडताना परत येऊन चिकटली पाहिजे. सरकतच नसेल, तर तार गेली. ती नीट सरकते आहे आणि तरी मोटर नुसती गुणगुणते, तर घरात व्होल्टेज कमी आहे का ते बघा. नाहीतर कंडेन्सरचा किंवा मोटरचा प्रश्न आहे. तिथे आपण थांबायचं. कंडेन्सर प्लग काढल्यावरही वीज धरून ठेवू शकतो, त्याला बोट लावायचं नाही. ते मेकॅनिकचं काम.

एक साधी गोष्टही आधी बघून घ्या. कपड्यांवर बसवायची आतली प्लॅस्टिकची चकती नीट बसली नसेल, तर रुमाल, मोजे, बाळाची टोपडी टबाच्या काठावरून निसटून खाली जाऊन अडकतात आणि टब जाम होतो. शेतातून आलेल्या कपड्यांची आणखी वेगळी कहाणी. आपली काळी माती आणि वेचणीच्या दिवसांत खिशाखिशांतून येणारा कापूस, ह्या दोघांचा लगदा होऊन पाणी जायची वाट बंद होते. पाणी खाली साचतं आणि टब त्यातच घुसळत राहतो. झाकणाचा काहीच दोष नसतो.

आता त्या तिसऱ्या प्रकाराबद्दल, आणि खरं तर ह्याच्याचसाठी हे सगळं लिहायला घेतलं.

मेकॅनिक येतो, पॅनेल उघडतो, दोन मिनिटांत म्हणतो, ‘काकू, काही नाई झालं. हा झाकणाचा स्विच डायरेक्ट करून देतो, मंग कटकटच नाई राह्यत.’ पैसे कमी, काम लगेच, काकू खूश. डायरेक्ट करणं म्हणजे स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकणं. म्हणजे झाकण उघडं असो की बंद, टब फिरणारच. काही घरांत तर झाकण तुटलं म्हणून काढूनच ठेवलेलं असतं आणि टब उघडा फिरतो.

जरा हिशेब करू या. ड्रायर मिनिटाला साधारण तेराशे-चौदाशे फेरे घेतो. टबाचा घेर पाऊण मीटर धरला, तरी त्याची कड ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने पळत असते. नागपूर रोडवरच्या जीपगाडीइतकी! त्यात ओल्या साडीचा पदर हाताला गुंडाळला गेला, ओढणी आत गेली, बांगडी अडकली किंवा स्टुलावर चढून डोकावणाऱ्या पोराने हात घातला, तर काय होईल ते लिहायची गरज नाही. त्या कपड्याच्या पिळात बोट, मनगट काय टिकणार? झाकणाचा स्विच ही कटकट नाही, तो आपल्या हाताचा पहारेकरी आहे. तेव्हा स्पष्ट सांगा, ‘डायरेक्ट नको भाऊ. नवीन स्विच टाका, नाही मिळाला तर दोन दिवस थांबीन.’ त्या दोन दिवसांत कपडे हातानं पिळू, जमतं आपल्याला.

तुमची मशीन आधीच कोणी डायरेक्ट करून ठेवली असेल तर? जुनी विकत घेतलेली असेल, सेवाग्रामला वा विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांनी खोलीसाठी सेकंडहँड आणली असेल, तर ही परीक्षा जरूर घ्या. टब रिकामा, ड्रायर सुरू, मग लांबूनच झाकण उचला, हात आत नाही. मोटरचा आवाज लगेच गेला आणि टब काही सेकंदांत थांबला, तर सगळं ठीक. आवाज गेला पण टब बराच वेळ घरंगळत राहिला, तर ब्रेक झिजला आहे किंवा तार फार ताणलेली आहे. आणि आवाजच गेला नाही, तर स्विच डायरेक्ट आहे. दुरुस्ती होईपर्यंत ती बाजू वापरू नका.

ह्या सगळ्यात मला राहून राहून आपल्याच गावातलं मगनवाडी आठवतं. 1938 मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या तिथल्या मगन संग्रहालयात चरखे मांडून ठेवले आहेत. त्याआधी, 1929 मध्ये, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी मोठ्या मजेदार होत्या. यंत्र बाईला आठ तास फारसा त्रास न होता चालवता आलं पाहिजे, किंमत दीडशे रुपयांच्या आत आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्चही बेताचा. बक्षीस शेवटी कोणालाच मिळालं नाही. पण यंत्र विकत घेताना त्याच्या दुरुस्तीचा विचार आधी करायचा, हे वर्ध्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको. आपण मात्र दुकानात मशीनचा रंग बघतो!

ज्यांच्याकडे पुढून दार उघडणारी फुल ऑटोमॅटिक आहे, त्यांच्यासाठी एवढंच. धुणं संपल्यावर दार एक-दोन मिनिटं उघडत नाही, तो बिघाड नव्हे. आतलं कुलूप गरम होऊन बसतं आणि थंड झाल्यावरच सुटतं. ओढाताण केली की हँडल हातात येतं. आणि परदेशी लेकीकडे बाळंतपणाला जाणाऱ्या आयांनो, तिकडचा ड्रायर पिळत नाही, गरम हवेनं वाळवतो. पण दाराचा स्विच त्यालाही असतोच. दार लागत नसेल, तर आधी खाचेत कपड्यांचा भुगा अडकलाय का ते बघा.

आपल्या मशीनकडे परत येऊ. अंगाला झिणझिण्या येत असतील, तर झाकणबिकण सगळं बाजूला, आधी अर्थिंग तपासून घ्या. झाकणावर पावडरचा डबा, बादली, ओल्या चादरींचा ढीग ठेवू नका, त्यानेच बिजागरी झुकते. खालची जाळी फाटली असेल, तर उंदराच्या आधी आपण लक्ष द्यावं. तार किंवा स्विच आणायला बाजारात जाल, तेव्हा मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि जुना तुकडा पिशवीत टाका. दुकानदार ‘हीच लागते, सगळ्यायले चालते’ म्हणाला, तरी दोन्ही तारा शेजारी धरून मापून बघा. बोटभर लांब निघाली तर ब्रेक सुटणार नाही, आणि बोटभर आखूड निघाली तर लागणार नाही.